लग्नाच्या फॉर्मवर 'प्रोग्रामर' लिहिलं म्हणून अडवलेला माणूस: एड्सगर डाइक्स्ट्रा

साल १९५७. नेदरलँड्सची राजधानी अॅमस्टरडॅम. एक तरुण लग्नाची नोंदणी करायला सरकारी कार्यालयात गेला. फॉर्मवर नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, प्रोग्रामर.

फॉर्म परत आला. कारण? असा काही व्यवसाय नसतो.

शेवटी त्याला तिथं सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ असं लिहावं लागलं आणि त्याच्या लग्नाच्या दाखल्यावर आजही तेच लिहिलेलं आहे. त्या तरुणाचं नाव एड्सगर वीबे डाइक्स्ट्रा. नवरी होती मारिया डेबेट्स, उर्फ रिया.

इंजिनिअरिंग केलेल्या मंडळींना हे नाव लगेच आठवलं असेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पेपरात शॉर्टेस्ट पाथचा प्रश्न यायचा ना? तोच हा. (आपल्याकडच्या वर्गात त्याचा उच्चार 'डिजक्स्ट्रा' असा होतो, पण डच लोक तसा करत नाहीत.) पण आजची गोष्ट त्या रस्त्याची नाही. तुमच्या मोबाईलमधलं एखादं अॅप अचानक गोठतं, बंद करून उघडलं की चालू होतं आणि पुन्हा तसं करून दाखव म्हटलं तर काही केल्या होत नाही, त्या दुखण्याची ही गोष्ट आहे. कॉम्प्युटरच्या जगात या दुखण्याला सगळ्यात आधी घाबरलेल्या माणसांपैकी एक म्हणजे डाइक्स्ट्रा. आणि घाबरून तो गप्प बसला नाही.

## आधी थोडं घरचं

डाइक्स्ट्राचा जन्म ११ मे १९३० चा, रॉटरडॅमचा. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. पोरगं हुशार निघणार हे ठरलेलंच होतं. लायडन विद्यापीठात तो भौतिकशास्त्र शिकायला गेला. १९५१ साली केंब्रिजमध्ये प्रोग्रामिंगचा उन्हाळी कोर्स होता, तो त्यानं केला. त्या काळी जगात चालू कॉम्प्युटर बोटावर मोजण्याइतके होते. तिथून परतला आणि १९५२ पासून अॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरमध्ये अर्धवेळ काम करायला लागला.

काही वर्षं त्याचा जीव दोन दगडांवर होता. भौतिकशास्त्र धरावं की प्रोग्रामिंग? भौतिकशास्त्राला इज्जत होती. प्रोग्रामिंग तर विषय म्हणूनही कुणी मोजत नव्हतं. त्याचे वरिष्ठ व्हान वाइनगार्डन यांनी त्याला समजावलं की हा विषय अजून विषय झालेला नाही हे खरं, पण तो तसा करायला कुणीतरी लागेलच, आणि तो तूच का नसावास? डाइक्स्ट्रानं ते मनावर घेतलं.

शॉर्टेस्ट पाथचा किस्सा याच काळातला. १९५६ साली रियाबरोबर खरेदीला गेला असताना दोघं दमून एका कॅफेत कॉफी प्यायला बसली. तिथं कागद-पेन न घेता साधारण वीस मिनिटांत त्यानं तो अल्गोरिदम मनातल्या मनात रचला. छापून आला तो १९५९ साली.

आता मुद्द्यावर येऊ.

## घंटी कधी वाजेल सांगता येत नाही

सुरुवातीचे कॉम्प्युटर एका वेळी एकच काम करायचे. प्रिंटरला काही छापायला सांगितलं की तो सावकाश छापेपर्यंत कॉम्प्युटर हात बांधून उभा. महागडं मशीन आणि नुसतं वाट बघत उभं, हे कुणालाच परवडणारं नव्हतं.

१९५७-५८ च्या सुमारास डाइक्स्ट्राचे सहकारी लूप्स्ट्रा आणि स्कोल्टेन एक्स-१ नावाचं नवं मशीन तयार करत होते. त्यांनी त्यात 'इंटरप्ट' ही सोय घालायची ठरवली. म्हणजे प्रिंटरला काम द्यायचं आणि कॉम्प्युटरनं आपलं दुसरं काम करत राहायचं. प्रिंटरचं झालं की तो घंटी वाजवणार, कॉम्प्युटर हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याकडे बघणार आणि मग सोडलेलं काम पुन्हा उचलणार.

ऐकायला मस्त आहे. डाइक्स्ट्राच्या मात्र पोटात गोळा आला.

कारण असं की ही घंटी कोणत्या क्षणी वाजेल ते कुणालाच सांगता येत नाही. प्रोग्रामच्या कुठल्याही दोन सूचनांच्या मधे ती वाजू शकते. म्हणजे तोच प्रोग्राम, तीच माहिती, पण दोनदा चालवला तर दोन्ही वेळा पावलं वेगळ्या क्रमानं पडणार. चूक असेल तर ती हजारात एखाद्या वेळी दिसेल, आणि पुन्हा बघायला गेलात तर गायब. तोपर्यंतचा प्रोग्रामरचा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता, की चूक सापडेपर्यंत तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून बघता येतो. तो भरवसाच गेला.

त्यानं बराच काळ विरोध केला. सहकाऱ्यांनी हट्ट सोडला नाही. शेवटी त्यानं होकार दिला आणि त्या घंटीला सांभाळणारा प्रोग्राम स्वतःच लिहिला. १९५९ ची त्याची पीएचडी याच कामावरची. पुढं अनेक वर्षांनी त्यानं लिहून ठेवलं की अशी चूक मशीनच अधूनमधून बिघडतंय असा आव आणते, हे तो कडू अनुभवातून शिकला होता. प्रोग्रामर हार्डवेअरला शिव्या देत बसतो आणि चूक असते त्याच्याच प्रोग्राममध्ये!

## चाळीतला एक नळ

इथं 'थ्रेड' म्हणजे काय ते बघून घेऊ. आजच्या कुठल्याही अॅपमध्ये एकाच वेळी अनेक कामं चालू असतात. एक काम स्क्रीनवर चित्र काढतंय, एक नेटवरून माहिती आणतंय, एक फोटो सेव्ह करतंय. यातल्या प्रत्येक कामाच्या ओळीला थ्रेड म्हणतात. डाइक्स्ट्राच्या काळात हा शब्द रुळला नव्हता, तो 'प्रोसेस' म्हणायचा. फरक आहे, पण दुखणं एकच.

चाळ डोळ्यांसमोर आणा. बिऱ्हाडं दहा, नळ एक. पाणी सकाळी येतं. सगळ्यांनी एकदम बादल्या लावल्या तर कुणाचीच भरणार नाही. एका वेळी एकानंच नळाला हात लावायचा, असा नियम हवा. आता कल्पना करा की या दहा घरांतली माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत. भिंतीवर एक पाटी आहे, तीवर लिहायचं आणि वाचायचं, एवढंच. प्रत्येकाचा वेग वेगळा. कुणी पाटी वाचेल आणि पुढचं पाऊल टाकायच्या आत पाच मिनिटं डुलकी काढेल. तेवढ्यात दुसरा येऊन पाटी बदलून जाईल. असं असताना दोघं एकदम नळावर जाणार नाहीत, याची खात्री द्यायची कशी?

दोन घरांपुरतं उत्तर थिओडोरस डेकर या डच गणितज्ञानं शोधलं होतं. कितीही घरं असली तरी चालणारं उत्तर डाइक्स्ट्रानं १९६५ साली छापलं. तो लेख जेमतेम एका पानाचा आहे. त्यातली पहिली पायरी फार साधी वाटते. प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर द्यायचा, १ पासून सुरू. सामाईक पाटीवर कुणाचा नंबर आहे यावरून कुणी थांबायचं ते ठरतं. नंबरच नसेल तर कोण थांबलंय आणि कोण आत आहे हे सांगणार कसं?

हे उत्तर किती नाजूक आहे बघा. त्यानंतर काही महिन्यांतच त्याच मासिकात दुसऱ्या एकानं आपलं सोपं उत्तर छापलं, आणि ते चुकीचं निघालं. १९६६ साली डोनल्ड क्नुथनं ते दाखवून दिलं. क्नुथनं डाइक्स्ट्राच्या उत्तरातलीही एक उणीव दाखवली. दोघं एकदम नळावर जात नाहीत हे खरं, पण एखाद्या घराचा नंबर कधीच लागणार नाही असंही होऊ शकतं. छापलेला प्रोग्राम, वाचणारे तज्ज्ञ, तरी चूक नजरेतून सुटते. म्हणूनच डाइक्स्ट्राचा नुसत्या टेस्टिंगवर विश्वास नव्हता. टेस्टिंगनं चूक आहे हे कळतं, चूक नाही हे कधीच कळत नाही, असं तो आयुष्यभर सांगत राहिला.

## सिग्नलचा हात आणि एक कबुली

१९६२ साली डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. तिथं त्यानं एक छोटी टीम जमवली. सहा जण, आणि तेही सरासरी अर्धवेळच मोकळे. या टीमनं एक्स-८ या मशीनसाठी ऑपरेटिंग सिस्टिम बनवली. विद्यापीठाच्या डच नावाच्या आद्याक्षरांवरून तिला टीएचई म्हणतात.

या कामात त्यानं 'सेमाफोर' वापरला. नाव रेल्वेच्या जुन्या हात-सिग्नलवरून घेतलंय. कल्पना पे अँड पार्कसारखी आहे. पाच जागा असतील तर आकडा ५. गाडी आत गेली की एक कमी. शून्य झालं की पुढच्यानं झोपून वाट बघायची. कुणी बाहेर पडलं की आकडा एकनं वाढवायचा आणि झोपलेल्यांपैकी एकाला उठवायचं. या दोन क्रियांची नावं आहेत पी आणि व्ही. व्ही म्हणजे 'वाढवणे' या अर्थाचा डच शब्द. पी हा 'कमी करून बघणे' यावरून त्यानं स्वतःच जोडून बनवलेला शब्द, जो डच माणसालाही आधी कळत नाही! आज जगभरातले विद्यार्थी ही अक्षरं का ते न समजता पाठ करतात.

टीएचई थरांवर थर अशी रचलेली होती. खालचा थर पूर्ण तपासला की मगच वरचा. त्यातला एक थर ऑपरेटरच्या टाइपरायटरचा होता. टाइपरायटर एक आणि त्यावर बोलू पाहणाऱ्या प्रोसेस अनेक. म्हणून ऑपरेटरनं संवाद सुरू करताना आधी सांगायचं की मला अमुक प्रोसेसशी बोलायचंय. आज डीबगर उघडून थ्रेडची यादी बघणारा आणि त्यातला नेमका एक निवडणारा प्रोग्रामर हेच करत असतो.

१९६८ साली त्याचा या सिस्टिमवरचा लेख छापून आला. त्यात तो अभिमानानं सांगतो की टेस्टिंगमध्ये सापडलेल्या चुका किरकोळ होत्या, साधारण ५०० सूचनांमागे एक, आणि प्रत्येक चूक दहा मिनिटांत सापडली. पण त्याच लेखात त्यानं आपल्या टीमच्या दोन मोठ्या चुकाही लिहिल्यात, आणि त्यातली दुसरी वाचून गंमत वाटते. सिस्टिम रचताना ती डीबग कशी करायची याचा आपण जवळजवळ विचारच केला नाही, अशी ती कबुली आहे. त्याचे परिणाम भोगावे लागले नाहीत याचं श्रेय घ्यायलाही त्यानं नकार दिला. हा माणूस फटकळ होता, गर्विष्ठ होता, समोरच्याला शब्दांनी सोलून काढायचा, हे त्याला ओळखणाऱ्या अनेकांनी सांगितलंय. पण स्वतःच्या चुकांची झाकपाक त्याला जमत नसे.

## नेमकं कुठं पोचलोय?

त्याच १९६८ च्या मार्चमध्ये त्याचं एक पत्र छापून आलं आणि प्रोग्रामिंगच्या जगात भांडण पेटलं. 'गो टू' ही सूचना घातक आहे, असं सांगणारं ते पत्र. गाजलेलं शीर्षक त्याचं नव्हतंच, संपादक निकलाउस व्हिर्टनं दिलेलं होतं. 'गो टू' म्हणजे प्रोग्रामला इथून उठून थेट तिथं उडी मार असं सांगणं.

लोकांना फक्त भांडण आठवतं. पत्रातला खरा मुद्दा वेगळाच आहे. डाइक्स्ट्रा विचारतो की चालता प्रोग्राम मध्येच थांबला, तर तो नेमका कुठं पोचलाय हे कोणत्या खुणांनी सांगाल? प्रोग्राम एकातून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला हाक मारत गेला असेल, तर त्या हाकांची साखळी सांगितली की पत्ता मिळतो. लूप असेल तर कितवी फेरी चालू आहे ते सांगायचं. पण वाटेल तिथं उड्या मारल्या असतील तर हा पत्ताच हरवतो.

अॅप क्रॅश झाल्यावर प्रोग्रामरसमोर जी लांबलचक यादी येते, तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. ती म्हणजे हीच हाकांची साखळी. फक्त आता असे थ्रेड एक नाही, पन्नास असतात आणि प्रत्येकाची साखळी वेगळी. त्यामुळे आधी प्रश्न येतो की यातला अडकलेला कोणता?

इथं आजही गोंधळ आहे. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक थ्रेडला नंबर देते, पण एक थ्रेड संपला की तोच नंबर दुसऱ्याला मिळू शकतो. मग लॉगमध्ये सकाळचा आणि दुपारचा एकच नंबर दिसतो आणि माणसं मात्र वेगळी! म्हणून शहाणे प्रोग्रामर थ्रेडला नाव देतात. त्यातही प्रत्येक घरचा रिवाज निराळा. मॅकवर थ्रेड फक्त स्वतःचं नाव ठेवू शकतो, दुसऱ्याचं नाही. विंडोजवर २०१६ पर्यंत नाव ठेवायची सरळ सोयच नव्हती, खोटी एरर फेकून डीबगरला इशारा द्यावा लागे. आणि लिनक्सवर नाव १५ बाइट्समध्ये बसवावं लागतं. देवनागरीचं एक चिन्ह साधारण तीन बाइट्स खातं. म्हणजे मराठीत बारसं करायचं तर पाच चिन्हांत आटपा, काना-मात्रा धरून.

## मंगळावरची रिसेट

हे सगळं किती महागात पडू शकतं, ते १९९७ साली दिसलं. ४ जुलैला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांत त्याचा कॉम्प्युटर आपोआप रिस्टार्ट व्हायला लागला. प्रत्येक वेळी त्या दिवसाचं राहिलेलं काम दुसऱ्या दिवसावर ढकललं जायचं. दुरुस्तीला माणूस पाठवायची सोय नाही.

इंजिनिअर्सनी पृथ्वीवरच्या जुळ्या कॉम्प्युटरवर तेच प्रोग्राम चालवले, आत कोणतं काम केव्हा जागं झालं आणि केव्हा थांबलं याची नोंद चालू ठेवली आणि तोच बिघाड घडायची वाट बघत बसले. शेवटी घडला. नोंदीत प्रत्येक काम नावानिशी वेगळं दिसत होतं, म्हणून गुंता सुटला. हवामानाची माहिती गोळा करणारं एक कमी महत्त्वाचं काम सामाईक जागेची किल्ली घेऊन बसलं होतं. अत्यंत महत्त्वाचं काम त्या किल्लीसाठी ताटकळत होतं. आणि मधल्या महत्त्वाची कामं पहिल्याला पुढं सरकूच देत नव्हती. महत्त्वाचं काम वेळेत झालं नाही हे दिसताच सिस्टिम स्वतःला रिस्टार्ट करत होती.

किल्ली म्हणजे सेमाफोर. उपाय सेमाफोरच्याच एका सेटिंगमध्ये होता. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला तेवढ्यापुरता ताटकळणाऱ्याचा दर्जा द्यायचा. बदल मंगळावर पाठवला आणि रिस्टार्ट थांबले. उड्डाणाआधीच्या तपासणीतही असे एक-दोन रिस्टार्ट दिसले होते, पण ते पुन्हा घडवता न आल्यानं बाजूला राहिले होते. डाइक्स्ट्रानं १९५८ साली घेतलेली धास्ती नेमकी हीच.

## मान मिळाला, टीम गेली

टीएचई नावाजली गेली, पण आइंडहोव्हनच्या गणित विभागाला या कॉम्प्युटरवाल्यांचं फारसं कौतुक नव्हतं. टीम मोडली. डाइक्स्ट्रा नैराश्यात गेला. त्यातून बाहेर पडण्यासाठी तो लिहायला बसला आणि त्यातून स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंगवरची टिपणं तयार झाली, ज्यांनी पुढं सगळ्या जगाची प्रोग्राम लिहायची पद्धत बदलली. १९७२ साली त्याला ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. लग्नाच्या फॉर्मचा किस्सा त्यानं त्या पुरस्काराच्या भाषणात सांगितला.

१९७३ पासून तो बरोज या अमेरिकन कंपनीचा रिसर्च फेलो झाला. काम बहुतेक घरूनच, न्यूनेन या गावातून. वर्क फ्रॉम होम तेव्हा! १९८४ साली टेक्सास विद्यापीठात ऑस्टिनला गेला. तिथं तो आणि रिया सुट्टीत फोक्सवॅगन बसमधून भटकायचे. त्या बसचं नाव त्यांनी ट्युरिंग मशीनवर कोटी करून 'टूरिंग मशीन' ठेवलं होतं. घरी पियानो होता आणि मोझार्टचं वेड.

कॉम्प्युटरशी मात्र त्याचं स्वतःचं फारसं जमलं नाही. तो फाउंटन पेननं लिहायचा, सुंदर अक्षरात. लिहिलेल्या टिपणाच्या झेरॉक्स काढून ओळखीच्यांना पाठवायचा, ते पुढं आणखी झेरॉक्स काढायचे. प्रत्येक टिपणावर नावाची आद्याक्षरं, ईडब्ल्यूडी, आणि पुढं क्रमांक.

१९९९ साली तो निवृत्त झाला, २००२ च्या सुरुवातीला कॅन्सर घेऊन न्यूनेनला परतला आणि ६ ऑगस्ट २००२ ला तिथंच गेला. त्याच वर्षी वितरित प्रणालींवरच्या एका परिषदेनं त्याच्या १९७४ च्या लेखाला पुरस्कार दिला होता. पुढच्या वर्षी त्या पुरस्कारालाच त्याचं नाव मिळालं. टिपणं टेक्सास विद्यापीठाच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतात, बरीचशी त्याच्याच हस्ताक्षरात. शेवटचं २००२ च्या एप्रिलमधलं आहे. क्रमांक, १३१८.